परक्या गाडीला काय घाबरायचं?

मार्च-एप्रिल उजाडला की आपल्या होस्टेलवर दोन प्रकारचे लोक वेगळे ओळखू येतात. एक, ज्यांचं सबमिशन राहिलंय. आणि दुसरे, ज्यांची परदेशातली इंटर्नशिप किंवा एम.एस.ची अ‍ॅडमिशन पक्की झालीय. या दुसऱ्या लोकांकडे प्रश्न भरपूर असतात. व्हिसाची अपॉइंटमेंट कधी मिळते, कुकर इथून न्यायचा की तिथे घ्यायचा, मेतकूट कस्टमवाले सोडतात का... हे सगळे प्रश्न मेसमध्ये, दहा जणांसमोर, बिनधास्त विचारले जातात. पण एक प्रश्न मात्र रात्री अकरानंतर, रूमचं दार लोटून, हळू आवाजात येतो. "अरे, एअरपोर्टवर उतरल्यावर पुढे ट्रेननं जायचंय... जमेल ना मला?"

गंमत अशी की हे विचारणारा भिडू दर दिवाळीला गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात, संडासाच्या दाराशी बॅगेवर बसून आलेला असतो. वेटिंग लिस्ट ४७ असताना टीसीला पटवून बर्थ मिळवणारा हा माणूस, जिथे उभं राहायचीही वेळ सहसा येत नाही अशा गाडीला घाबरतो! हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मी हसत नाही. कारण ही भीती खरी आहे, आणि तिची किंमतही खरी आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती बाळगण्याचं कारण नाही, आणि ती टिकून राहायला आपण सगळे, म्हणजे जाऊन आलेले सीनियर आणि आपलं कॉलेज, जबाबदार आहोत.

आधी किंमत बघू. एअरपोर्टवरून दीड-दोनशे किलोमीटर टॅक्सी केली की पहिल्या महिन्याच्या भाड्याचा मोठा तुकडा तिथेच उडतो. ते एक वेळ चालेल, पैसे परत मिळवता येतात. पण मी आखेनला तीन महिने होतो तेव्हा भेटलेल्या आपल्याच पोरांपैकी काही जण तीन महिन्यांत आखेनबाहेर पडलेच नाहीत. आखेन हे शहर असं आहे की तिथे जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तिन्ही देशांच्या सीमा एका टेकडीवर येऊन भेटतात. बेल्जियममधलं लिएज ट्रेननं तासाभराच्या आत. आणि आपला माणूस शनिवार-रविवार रूमवर बसून मॅगी खातो आणि आयपीएल बघतो, कारण "गाडी चुकली तर?" दुसऱ्या शहरातल्या प्राध्यापकानं "लॅब बघायला ये" म्हणून बोलावलेलं असतं, तेही हा "पुढच्या वेळी बघू" म्हणून टाळतो. ती पुढची वेळ येत नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि म्हणून हा लेख.

ही भीती येते कुठून? तर आपण आल्यावर फक्त फोटो दाखवतो. आयफेल टॉवर, कोलोनचं कॅथेड्रल, बर्फातली उडी. स्टेशनवर बोर्ड बघत उभं राहिलो होतो आणि पोटात गोळा आला होता, हे कुणी सांगत नाही. कॉलेजचं म्हणाल तर जाणाऱ्या मुलांसाठी एक सेशन होतं. त्यात टाय कसा बांधायचा, शेकहँड किती घट्ट करायचा आणि काटा कुठल्या हातात धरायचा हे शिकवतात. तीन महिन्यांत मला टाय एकदाही लागला नाही. ट्रेन मात्र आठवड्याला दोनदा लागली.

आता मुद्द्याचं. मी जर्मनीबद्दल जास्त बोलणार आहे, कारण आपली बरीच मुलं तिकडे जातात आणि मला तेच माहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपली निम्मी तयारी आपल्याच रेल्वेनं करून घेतलेली आहे. ज्याला दादरला इंडिकेटरवर 'एस' आहे की 'एफ' हे धावता धावता वाचता येतं, त्याला जर्मनीतल्या गाड्यांचे प्रकार समजायला पाच मिनिटं पुरतात. आयसीई म्हणजे जलद आणि महाग, आयसी आणि ईसी त्याखालोखाल, आरई म्हणजे मोजकी स्टेशनं घेणारी प्रादेशिक गाडी, आरबी म्हणजे प्रत्येक खेड्यात थांबणारी पॅसेंजर आणि एस-बान म्हणजे लोकल. झालं! ज्याला डब्याच्या पोझिशनचा बोर्ड बघून फलाटावर बरोबर जागी उभं राहायची सवय आहे, त्याला तिथेही तेच करायचंय. फलाटावर ए, बी, सी, डी अशा अक्षरांच्या पाट्या असतात आणि तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते बोर्डावर दिसतं. कधी कधी गाडी उलट्या क्रमानं येते आणि सगळे जर्मन आपल्या बॅगा ओढत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पळतात. ते दृश्य पाहिलं की एकदम कल्याण स्टेशनवर असल्यासारखं वाटतं, आणि भीती निम्मी तिथेच जाते.

पण उरलेल्या निम्म्या गोष्टींत मात्र आपली सवयच आपल्याला गोत्यात आणते. म्हणून त्या नीट सांगतो.

आपल्या डोक्यात तिकीट म्हणजे गाडी, डबा आणि बर्थ असं एकच पॅकेज असतं. तिथे तिकीट वेगळं आणि सीट वेगळी. आयसीईमध्ये सीटचं रिझर्व्हेशन सक्तीचं नाही, थोडे जास्त पैसे भरून ते घेता येतं. न घेता चढलात तरी तुम्ही कायदेशीर प्रवासी आहात, फक्त मोकळी सीट शोधायची. सीटजवळच्या छोट्या डिस्प्लेवर कुठून कुठपर्यंत आरक्षण आहे ते लिहिलेलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी मात्र सीट घेऊन ठेवा, कारण तेव्हा सगळा देश आईकडे नाहीतर मैत्रिणीकडे निघालेला असतो. फ्रान्समध्ये याच्या उलट. तिथल्या टीजीव्हीला रिझर्व्हेशन सक्तीचं आहे, त्याशिवाय चढायचंच नाही.

तिकिटाचे भाव विमानासारखे बदलतात. आधी काढलेलं 'श्पारप्राइस' म्हणजे सवलतीचं तिकीट स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. दहाची गाडी असेल तर अकराच्या गाडीत ते चालत नाही. महाग असलेलं 'फ्लेक्सप्राइस' त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं. विमानातून उतरून पुढे जायचं असेल तर कुठलं घ्यायचं? इमिग्रेशनची रांग किती असेल आणि बॅग कधी येईल हे ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. मग स्वस्त तिकीट काढायचंच असेल तर विमान उतरायची वेळ आणि गाडी यांत तीन तास तरी ठेवा. तो वेळ वाया गेला असं समजू नका. आंघोळ न झालेल्या, झोप न झालेल्या आणि दोन सुटकेस सांभाळणाऱ्या माणसाला तीन तास फार नसतात.

जर्मनीत स्टेशनवर अडवायला सहसा गेट नसतं. कुणी विचारत नाही, थेट फलाटावर जाता येतं. म्हणून "इथे तिकीट बघतच नाहीत वाटतं" असा समज करून घेऊ नका. गाडीत बघतात, आणि तिकीट नसेल तर कमीत कमी ६० युरो दंड आहे. 'मी नवीन आहे' हे कारण तिथल्या टीसीनं हजारदा ऐकलेलं असतं. ऑनलाइन तिकीट नावावर असतं, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवा. इटलीत आणखी एक नियम आहे. तिथल्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. खिशात तिकीट असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरणारे लोक दरवर्षी सापडतात.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी मासिक 'डॉइचलांड-तिकीट' आहे. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. त्यावर देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, लोकल, ट्राम आणि बस चालतात. आयसीई, आयसी चालत नाहीत. आपल्याकडे फर्स्ट क्लासच्या डब्यात सेकंडचा पास घेऊन बसणारा ज्या नजरेनं बघितला जातो, त्याच नजरेनं आयसीईत हे तिकीट दाखवणाऱ्याकडे बघतात. एम.एस.ला जाणाऱ्यांनी आपल्या विद्यापीठात सेमिस्टर-तिकीट आहे का ते आधी विचारावं, बऱ्याच ठिकाणी ते स्वस्तात मिळतं.

आता एक अशी गोष्ट, जी कुणी सांगितली नाही तर कळायचा मार्गच नाही. तिथल्या काही गाड्या वाटेत दुभंगतात! कोलोन आणि बर्लिनच्या मधल्या आयसीईचं उदाहरण घ्या. बर्लिनहून दोन गाड्या एकमेकींना जोडून निघतात. हाम नावाच्या स्टेशनवर त्या सुटतात. एक एसन-ड्युसेलडॉर्फच्या बाजूनं जाते, दुसरी वुपरटालच्या बाजूनं. कल्याणला कर्जत आणि कसारा असे फाटे फुटतात ना, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे गाडी आधीच वेगळी असते, तिथे एकाच गाडीचे पुढचे डबे कर्जतला आणि मागचे कसाऱ्याला जातात. दोन्ही भागांचे गाडी क्रमांक वेगळे असतात. म्हणून बसण्याआधी फलाटावरच्या बोर्डवर आणि डब्याच्या दाराजवळच्या डिस्प्लेवर शेवटचं स्टेशन वाचायचं. फक्त "गाडी बरोबर आहे" एवढ्यावर भागत नाही, डबाही बरोबर हवा.

गाडी थांबते दोन-तीन मिनिटं. दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघू नका, दारावरचं बटण दाबायचं असतं. उतरतानाही तेच. आणि सुटण्याच्या वेळेआधीच दारं बंद होतात. फ्रान्समध्ये टीजीव्हीची दारं वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद करतात. चालत्या गाडीत चढण्याचं आपलं कौशल्य तिथे शून्य कामाचं आहे, ते इथेच ठेवून जा.

स्टेशनांची नावं हे एक वेगळंच प्रकरण. फ्रँकफर्ट दोन आहेत. एक माइन नदीवरचं, जिथे आपलं विमान उतरतं, आणि दुसरं ओडर नदीवरचं, पार पोलंडच्या सीमेवर. तिकीट काढताना कंसातली नदी वाचायची. फ्रँकफर्ट विमानतळालाच दोन रेल्वे स्टेशनं आहेत, एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आणि एक प्रादेशिक गाड्यांचं. कोलोनचं मुख्य स्टेशन ऱ्हाइन नदीच्या एका काठाला, कॅथेड्रलच्या पायाशी, आणि मेसे-डॉइट्झ हे दुसरं स्टेशन पुलापलीकडे. विमानतळाहून येणाऱ्या काही आयसीई फक्त पलीकडच्याच स्टेशनवर थांबतात. बर्लिनचं मुख्य स्टेशन २००६ मध्ये सुरू झालं, तिथे गाड्या दोन मजल्यांवर एकमेकींना काटकोनात येतात. १ ते ८ फलाट जमिनीखाली, ११ ते १६ वर. मधले जिने धरून बदलायला दहा मिनिटं जातात. पॅरिसला तर मोठी टर्मिनस अर्धा डझन आहेत. कोलोनहून गेलात तर गार दु नॉरला उतरता, लिऑंची गाडी सुटते गार द लिऑंहून, मध्ये मेट्रो. गाडी बांद्रा टर्मिनसची आणि माणूस सीएसएमटीला, हा विनोद आपल्याला काही नवा नाही.

देश बदलला की शहराचं नाव बदलतं. आखेनला फ्रेंच लोक एक्स-ला-शापेल म्हणतात. बेल्जियममध्ये लिएजच्या पाटीवर कुठे लाउक तर जर्मनीत लुटिश दिसेल. सगळ्यात भारी म्हणजे इटालियन भाषेत म्युनिकला 'मोनाको' म्हणतात. व्हेरोनाच्या स्टेशनवर मोनाकोची गाडी लागली म्हणजे ती समुद्रकिनाऱ्यावरच्या राजाच्या गावाला जात नाही, आल्प्स ओलांडून जर्मनीत जाते. म्हणून नावाबरोबर गाडीचा क्रमांक लिहून ठेवा. क्रमांक भाषांतरित होत नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या मनातली एक अंधश्रद्धा. "जर्मन गाड्या सेकंदावर चालतात." बिलकुल नाही! २०२४ साली डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या फक्त ६२.५ टक्के, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर असेल तर ती गाडी वेळेवरच धरतात. म्हणजे तीनातली एक गाडी उशिरा. हे कळलं तेव्हा मला तर हायसं वाटलं. उशिराच्या बाबतीत आपण अनुभवी माणसं आहोत!

पण उशीर झाला तर काय करायचं, हे आपल्याला माहीत नसतं. आपण गप्प बसून सहन करतो, कारण तीच आपली सवय. तिथे मात्र प्रवाशाचे हक्क लिहून ठेवलेले आहेत. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे मुक्कामी पोचायला एक तास ते दोन तासांच्या आत उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के परत मिळतात. तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. जर्मनीत, मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की स्वस्त तिकिटाची ती 'त्याच गाडीची' अट सुटते आणि दुसरी गाडी पकडता येते. पुढची गाडी चुकून रात्र अडकली तर राहायची सोय बघणं हेही रेल्वेचं काम आहे. एकच अट, सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन-चार युरो वाचवायला आखेन ते कोलोन वेगळं आणि कोलोन ते बर्लिन वेगळं असं तिकीट काढलंत, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तरी जबाबदारी तुमची. नवख्या माणसानं हे चार युरो वाचवू नयेत. आणि गाडी बदलायला सहा मिनिटं दाखवणारं कनेक्शन कॉम्प्युटरनं दिलं म्हणून घेऊ नये. अर्धा तास ठेवा, आणि दिवसातली शेवटची गाडी कधीही धरून चालू नका.

उशिराचं बोललो तर स्वित्झर्लंडचं सांगितलंच पाहिजे, कारण इंजिनिअर माणसाला तिथलं टाइमटेबल बघून आनंद होतो. १९८२ पासून तिथे देशभर ठराविक अंतरानं गाड्या सुटतात. झ्युरिकला आणि बर्नला पूर्ण तासाच्या थोडं आधी सगळीकडून गाड्या येतात, आणि तासानंतर लगेच सगळीकडे सुटतात. म्हणजे कुठूनही कुठेही बदलायला काही मिनिटंच लागतात. यासाठी दोन मोठ्या स्टेशनांमधलं अंतर एक तासाच्या आत कापलं पाहिजे. बर्न-झ्युरिकला तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागत होता, म्हणून त्यांनी नवी लाइन टाकली आणि डिसेंबर २००४ मध्ये तो वेळ तासाच्या आत आणला. आधी टाइमटेबल काढलं, मग त्यासाठी रूळ टाकले! त्यांचं स्टेशनवरचं घड्याळही बघा. हान्स हिलफिकर या इंजिनिअरनं १९४४ साली त्याचं डिझाइन केलं. त्यातला लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करतो आणि वर थांबून राहतो. मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा सिग्नल आला की मगच पुढे निघतो.

असंच फ्रँकफर्ट-कोलोन या मार्गाचं. २००२ मध्ये सुरू झालेल्या या लाइनवर ४ टक्के चढ आहे, म्हणजे १:२५. आपल्या भोर घाटात तो १:३७ आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. मग ३०० किलोमीटर वेगाची गाडी १:२५ चढते कशी? कारण तिथल्या आयसीई-३ मध्ये इंजिन एका जागी नाही, निम्म्या आसांना मोटर आहेत. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मंडळींनो, तुम्ही टॅक्सीनं गेलात तर हे बघायला मिळणार नाही.

सीमेबद्दल थोडक्यात. शेंगेन देशांमध्ये गाडी थांबवून पासपोर्ट बघायची पद्धत नाही, पण याचा अर्थ पासपोर्ट रूमवर ठेवून जायचं असा होत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली, तेव्हा गाडीत पोलीस चढू शकतात. मूळ पासपोर्ट, व्हिसा किंवा राहण्याचं कार्ड जवळ हवंच, झेरॉक्स चालत नाही. आणि लंडनला जाणारी युरोस्टार पॅरिसहून सुटत असली तरी इंग्लंड शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, तपासणी गाडीत बसण्याआधी स्टेशनवरच. तिथे विमानतळासारखं लवकर पोचावं लागतं.

सामानाला कुणी वजन करत नाही. पण जितकं न्याल तितकं स्वतः उचलायचं. लाल डगलेवाला हमाल येणार नाही. लिफ्ट असते, पण नेमकी बंद असते. म्हणून तेवीस किलोच्या दोन बॅगांऐवजी एक मोठी आणि एक पाठीवरची, एवढ्यावर भागवता आलं तर बघा. आईला समजावणं अवघड जाईल, पण प्रयत्न करा. बॅगेला साखळी लावायची गरज नाही, पण पासपोर्ट आणि पैसे अंगावर ठेवा. मोठ्या स्टेशनांवर खिसेकापू असतात, अगदी सुटाबुटातले! शांततेचा डबा असेल तर तिथून घरी व्हिडिओ कॉल लावून "आई, ही बघ गाडी" असं ओरडू नका. चहावाला येत नाही, डबा आणि पाणी बरोबर घ्या.

मैत्रिणींसाठी एक गोष्ट. पहिला प्रवास दिवसाउजेडी पोचणारा निवडा आणि जिथे माणसं आहेत त्या डब्यात बसा. घरच्यांना गाडीचा क्रमांक देऊन ठेवा, म्हणजे ती कुठे आहे ते त्यांनाही बघता येईल. "मुलगी एकटी ट्रेननं कशी जाईल" म्हणून हातची संधी सोडू नका. पनवेलहून रात्री साडेनऊच्या लोकलनं एकटीनं आलेल्या मुली आपल्याच कॉलेजात आहेत.

आता कुणी म्हणेल, हे सगळं अ‍ॅपमध्ये असतं, लेख कशाला? अ‍ॅप जरूर घ्या. फलाट बदलला तर तेच आधी सांगतं. पण नवीन सिम चालू व्हायला वेळ लागतो, आणि चौदा तासांच्या प्रवासानंतर फोनची बॅटरी तुमच्यासारखीच संपलेली असते. म्हणून एका कागदावर गाडीचे क्रमांक, वेळा, बदलण्याची स्टेशनं आणि मुक्कामाचा पत्ता लिहून खिशात ठेवा. स्टेशनवर पिवळा कागद म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढरा म्हणजे येणाऱ्या. 'ग्लाइस' म्हणजे फलाट, 'फरश्पेटुंग' म्हणजे उशीर, 'फेल्ट आउस' म्हणजे रद्द. एवढं जर्मन रात्रभरात पाठ होतं, आपण अख्खं एम-थ्री रात्रभरात पाठ केलंय.

आणि विचारा! आपल्या इंग्रजीची लाज वाटते, हे भीतीचं खरं मूळ आहे. मराठी मीडियममधून आलेल्या मुलांना तर जास्तच. पण समोरच्या जर्मन आजींचं इंग्रजीही तुमच्याइतकंच मोडकं असतं. तिकीट दाखवायचं, बोट फलाटाकडे करायचं आणि "आखेन?" एवढंच विचारायचं. शंभर टक्के उत्तर मिळतं. चुकीच्या गाडीत बसलात असं कळलं तर टीसी दिसताच आपणहून सांगायचं. लपून बसलात तर मात्र तुम्ही फुकटे ठरता.

थोडी भीती राहीलच, आणि राहू दे. तिच्यामुळे माणूस बोर्ड दोनदा वाचतो. जी भीती माणसाला रूमवर बसवते, ती मात्र आपण घालवू शकतो. यासाठी माझ्या दोन मागण्या आहेत. कॉलेजला विनंती, की त्या टायच्या सेशनमधला एक तास कमी करून पडद्यावर खऱ्या स्टेशनचा बोर्ड दाखवा आणि मुलांना गाडी शोधायला लावा. चुकू द्या, इथे चुकायला ६० युरो पडत नाहीत. आणि जाऊन आलेल्या सीनियर्सना विनंती, की रेक्टरांच्या ऑफिसात एक वही ठेवू. प्रत्येकानं आल्यावर एकच पान लिहायचं. कुठल्या एअरपोर्टवरून कुठे गेलो, कुठली गाडी, कुठे बदलली, किती पैसे, आणि कुठे पोटात गोळा आला. फोटो लावायची गरज नाही. पाच वर्षांत त्या वहीत इतकं जमेल की रात्री अकरानंतर दार लोटून विचारायची वेळ कुणावर येणार नाही.

जुलैत जाणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा. बटण दाबून दार उघडा, आत जा, खिडकीची सीट पकडा.

ता. क. : मेतकूट सोडतात. तूप आणि पेढे नेऊ नका, दुधाच्या पदार्थांना बंदी आहे.